सुट्टीत कुठली कादंबरी न्यायची? काउंटरच्या अलीकडून सांगते

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आमच्या वाचनालयात एकच वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येतं, "मॅडम, काहीतरी चांगलं द्या ना वाचायला." आता चांगलं म्हणजे नक्की काय ते कुणी सांगत नाही, विचारलं तर "काहीही चालेल" म्हणतात, आणि मग काहीही दिलं की चार दिवसांनी ते न वाचता परत, वर "जमलं नाही हो" असं तोंड करून. तालुक्याच्या गावातलं वाचनालय आहे आमचं, दोन पंखे, त्यातला एक नुसताच आवाज करतो, आणि मी बावीस वर्षं याच खुर्चीत बसलेय, त्यामुळं कोण काय नेतं, काय संपवतं आणि काय उशाला घेऊन झोपतं हे मला बऱ्यापैकी कळायला लागलंय.

सगळ्यात मोठी चूक कुठं होते सांगू का, लोक पुस्तकाच्या वजनावरून सुरुवात करतात, म्हणजे इज्जतीच्या वजनावरून. व्हॉट्सॅपवर ती यादी फिरत असते ना, आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं वगैरे, ती मोबाईलमध्ये दाखवतात आणि म्हणतात यातलं पहिलं द्या. यादी वाईट नसते. पण त्या यादीला काय माहीत तुमच्या घरी दुपारी चार पोरं, एक कूलर आणि पाहुणे म्हणून आलेली आत्या आहे ते.

म्हणून मी आधी तीन प्रश्न विचारते, तुम्ही घरच्या घरी स्वतःलाच विचारा. एक, वाचणार कधी? दुपारी जेवल्यावर, रात्री गच्चीवर, का एसटीत? दोन, सलग किती वेळ मिळणार, अर्धा तास का तीन तास? आणि तिसरा प्रश्न जरा खोचक आहे, तुम्ही शेवटचं संपवलेलं पुस्तक कुठलं? सुरू केलेलं नाही, संपवलेलं. यावर माणूस थोडा थांबतो, वर बघतो, आणि मग खरं बोलतो.

मागच्या वर्षी एक इंजिनिअर आले होते, पुण्याला नोकरी, आठ दिवस घरी. त्यांना नेमाड्यांची 'हिंदू'च हवी होती, सहाशेच्या आसपास पानं, मी म्हटलं देते की, पण शेवटचं काय संपवलंत? तर म्हणाले कॉलेजात असताना एक रहस्यकथा. म्हणजे बारा वर्षांपूर्वी! अहो, बारा वर्षं पळाला नाहीत आणि पहिल्याच दिवशी मॅरेथॉनला उभे राहताय. त्यांना मी 'रारंग ढांग' दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत घेऊन आले आणि काउंटरवर ठेवताना म्हणाले, "अजून आहे का असं काही?" बास, माझं काम झालं.

'रारंग ढांग'बद्दल जरा सांगतेच, कारण मे महिन्यात वाचायला याच्यासारखी कादंबरी मला दुसरी माहीत नाही. प्रभाकर पेंढारकरांची, १९८१ची. विश्वनाथ मेहेंदळे नावाचा तरुण सिव्हिल इंजिनिअर मुंबई सोडून हिमालयात रस्ते बांधणाऱ्या लष्करी खात्यात जातो, ढांग म्हणजे सरळसोट उभा कडा, आणि त्या कड्यातून रस्ता खोदून काढायचाय. खाली नदी, वर बर्फ, मधे माणसं. आणि मग नियम मोठा का माणूस मोठा असा पेच पडतो, तो शेवटपर्यंत सुटत नाही म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यातून सुटत नाही. बाहेर बेचाळीस डिग्री आणि पानात बर्फ, याला मी गंमतीनं कूलर पुस्तक म्हणते. भाषा एकदम सरळ, संवाद भराभर, बारा वर्षं काही न वाचलेल्या माणसालाही धाप लागत नाही. फक्त इंजिनिअर लोकांनाच आवडते असा एक समज आहे तो चुकीचा, माझ्या सासूबाईंनी दोनदा वाचलीय, आणि त्यांना काँक्रीट कशाशी खातात ते माहीत नाही.

तर पहिली पायरी अशी की बऱ्याच दिवसांनी वाचत असाल तर बारीक पुस्तकापासून सुरू करा. दीडशे पानांच्या आतबाहेरचं. यात लाज काही नाही, मराठीतल्या कितीतरी जबरदस्त कादंबऱ्या बारीकच आहेत. 'बनगरवाडी' घ्या, व्यंकटेश माडगूळकर, १९५५. एक पोरगेलासा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. एवढीच गोष्ट. पण ती वाडी, तो कारभारी, ती तालीम बांधायची खटपट, आणि शेवटी पाऊस दडी मारतो तेव्हा काय होतं, ते वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलू नये वाटतं. आमच्याकडं एक रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर काका येतात, ते ही कादंबरी दर उन्हाळ्यात नेतात, दर उन्हाळ्यात, आणि खुणेला जुनं तिकीट घालतात, ते पूर्वी पंच करायचे ना तसलं, कुठं जपून ठेवलीत कोण जाणे. मी एकदा विचारलं, काका पाठ झाली असेल की आता. तर म्हणाले, "गावाला आपण एकदाच जातो का?"

माडगूळकरांचीच 'सत्तांतर' त्याहून बारीक, एका बैठकीत होते, वानरांच्या टोळीची गोष्ट आहे, नर कसा येतो, जुन्याला कसा हाकलतो. १९८३ साली साहित्य अकादमी मिळालं तिला. निवडणुकीच्या दिवसांत दिली तर लोक जास्तच हसत हसत परत आणून देतात. मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ची. युरोपातून हिंदुस्थानकडं येणारी बोट, युद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. त्यांनी आयुष्यात एवढी एकच कादंबरी लिहिली. ही मात्र दुपारी झोपेच्या गुंगीत वाचू नका, सकाळी वाचा, डोकं ताजं असताना, कारण पुस्तक छोटं असलं तरी त्यात पाणी खोल आहे. आणि अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा', १९५९, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. दुष्काळात माणसं उपाशी मरताना बघवत नाही म्हणून धान्य लुटणारा, इंग्रजांशी भिडणारा फकिरा. जी पोरं म्हणतात आम्हाला वाचायचा कंटाळा येतो, आम्हाला मारामारीचे पिक्चर आवडतात, त्यांना मी हीच देते, आणि ती पळते नुसती.

बारीक पुस्तकात एक अनुवादही सुचवते, 'एका कोळियाने'. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, आणि मराठी पुलंचं. लोक पुलं म्हणून हसायला मिळेल अशा आशेनं नेतात आणि गप्प होऊन परत आणतात. मी आता आधीच सांगून टाकते, बाबांनो ही विनोदी नाहीये.

दुसरी पायरी, वेळेप्रमाणं पुस्तक. ही गोष्ट लोकांच्या अजिबात डोक्यात येत नाही. दुपारी आमरस पुरीचं जेवण करून आडवं झाल्यावर जे वाचायचं ते वेगळं, आणि रात्री अकरानंतर घर शांत झाल्यावर वाचायचं ते वेगळं. दुपारी मजकूर हलका पाहिजे आणि पुस्तकही हलकं पाहिजे, हे मी शब्दशः म्हणतेय हां. 'श्रीमान योगी' छातीवर उभी धरून आडवं पडून वाचायचा प्रयत्न करून बघा, पाच मिनिटांत मनगट सांगेल तुम्हाला. एका काकूंच्या नाकावर पडलेली आहे. जाड पुस्तक टेबलावर नाहीतर मांडीवर उशी घेऊन त्यावर. दुपारला सुहास शिरवळकर बेस्ट, 'दुनियादारी' अजूनही आमच्याकडं सगळ्यात जास्त फाटलेली प्रत आहे, १९८२चं पुस्तक, पण २०१३ला सिनेमा आला तेव्हा तिला चार महिन्यांची वेटिंग लिस्ट होती. पुस्तक आणि सिनेमा जरा वेगळे आहेत, आधी सिनेमा बघितला असेल तर तो विसरून वाचा. कॉलेजचा कट्टा, मैत्री, सिगारेटी, प्रेमभंग, सगळं आहे, आणि ज्यांनी कॉलेज सोडून वीस वर्षं झाली त्यांना जास्त लागते ती.

रात्रीला नारायण धारप. यात दुमत नाही. 'लुचाई' न्या आणि लाईट गेली तर मला शिव्या द्या. उन्हाळ्यात आमच्या भागात लाईट जातेच, त्यामुळं परिणाम फुकटात दुप्पट. पण घरात दहा अकरा वर्षांचं पोरगं असेल आणि ते तुमचं पुस्तक चोरून वाचत असेल तर जरा वरच्या फळीवर ठेवा, मागं एका आईनं मला येऊन सुनावलंय की पोरगा आठ दिवस एकटा बाथरूमला जात नव्हता. आणि हो, धारप आवडले म्हणून 'तुंबाड' सिनेमा आवडणारी मुलं येतात आणि 'तुंबाडचे खोत' मागतात, भुताची कादंबरी समजून. दर वेळी सांगावं लागतं की गावाचं नाव सोडलं तर त्या पिक्चरचा आणि या कादंबरीचा संबंध नाही, इथं भूत नाही, खोत आहेत.

पण मग मी म्हणते, आलाच आहेस तर ऐक. कारण सुट्टीत खरी मजा जाड कादंबरीची. वर्षभर कुणाला जमणार आहे, महिना दीड महिना हातात असतो तेव्हाच जमतं. ही तिसरी पायरी, एक बारीक संपवून हात बसला की एकच जाड धरायची, एकच. दोन जाड एकदम धरणारा माणूस दोन्ही अर्ध्यावर सोडतो, हे मी रजिस्टर उघडून दाखवू शकते.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' १९८७ साली आली, दोन भाग, हजारावर पानं. कोकणातली जगबुडी नदी, तिच्या काठावरचं तुंबाड, आणि खोतांच्या चार पिढ्या, कुणी माजोरी, कुणी देवमाणूस, कुणी दोन्ही. नदीसारखीच आहे ती, सुरुवातीला वाटतं हे कुठं चाललंय, आणि मग कधी आत ओढली गेलात कळत नाही. अडचण एकच, माणसं फार. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून, शंभर पानांत गोंधळ होतो आणि लोक तिथंच सोडतात. याला माझ्याकडं साधा उपाय आहे. उन्हाळा म्हणजे घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच, एका पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं वंशावळ काढत जा. नवीन माणूस आला की रेघ ओढा, बाजूला एक शब्द लिहा, तापट, वेडा, विधवा, जे असेल ते. तीच पत्रिका खूण म्हणून पुस्तकात ठेवा. माझी स्वतःची पत्रिका अजून माझ्याकडं आहे, मावसबहिणीच्या लग्नाची, पुढं शुभविवाह आणि मागं खोतांचं सगळं खानदान. दहा दिवस लागले होते मला, आणि संपल्यावर त्या माणसांची आठवण यायची, आपल्याच कुणाच्या घरची असल्यासारखी.

जाडमध्ये महाभारतवाल्या दोन, यावरून आमच्याकडं दरवर्षी भांडण. 'मृत्युंजय', शिवाजी सावंत, १९६७, ही सगळ्यांना माहीत असते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण अशी सहा जणं आपापल्या तोंडानं सांगतात. भाषा भरजरी आहे, सोळाव्या सतराव्या वर्षी वाचली तर माणूस महिनाभर भारावून जातो, चाळिशीत पहिल्यांदा वाचली तर कुणाकुणाला विशेषणं जरा जास्त वाटतात. म्हणून मी म्हणते पोरांना लवकर द्या. आणि मोठ्यांना 'पर्व', भैरप्पांची मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलीय. त्यात चमत्कार काढून टाकलेत, देव नाहीत, शाप नाहीत, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांचं युद्ध आहे, पाय दुखतात, पाणी मिळत नाही. 'मृत्युंजय'वर जीव असलेले एक गुरुजी 'पर्व' वाचून माझ्यावर रागावले होते, कर्णाचं हे काय केलं म्हणून, जणू मीच लिहिलीय. पण पुढच्या महिन्यात त्यांनीच ती दुसऱ्याला सुचवली.

ऐतिहासिक वाचणारा वर्ग वेगळाच आणि तो निष्ठावान. त्यांना एवढंच सांगते की नेहमी 'पानिपत' आणि 'श्रीमान योगी' नेताय तर एकदा 'स्वामी'कडं परत या. रणजित देसाई, १९६२. सत्ताविसाव्या वर्षी गेलेला माधवराव पेशवा आणि रमाबाई. आणि जरा तिरकं चालणार असेल तर नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर', इतिहास एका लबाड, चलाख माणसाच्या नजरेतून, हसू येतं आणि मधेच चटकाही बसतो. यावर माझ्याकडं दोनच प्रतिक्रिया आल्यात, एकतर "काय भारी" नाहीतर "हा काय प्रकार".

आता बोलीभाषेचं. खूप जण 'गोतावळा', 'धग', 'पाचोळा' उघडतात, दोन पानं बघतात आणि "भाषा कळत नाही" म्हणून ठेवून देतात, यात जास्त करून शहरात वाढलेले. यांना एक युक्ती सांगते ती करूनच बघा. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा. घरात कुणी असेल तर त्याला वाचून दाखवा, नसेल तर भिंतीला. डोळ्याला जो शब्द अडतो तो कानाला अडत नाही, आणि दहा पानांत कान बसतो. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०, वऱ्हाडातली, त्यातली कौतिक मी वाचली तेव्हा मला वऱ्हाडी येत नव्हती, आजही येत नाही, पण तिचं बोलणं मात्र ऐकू येतं. दुःख फार आहे त्यात, हे आधी सांगते, एकापाठोपाठ एक. लग्नाला जाताना गाडीत वाचायचं पुस्तक नाही ते. 'पाचोळा' बोराडेंची, मराठवाड्यातली, शिंप्याच्या घरातली, बायकोच्या तोंडून येते आणि लहान आहे, बोलीला सुरुवात करायची तर हिच्यापासून करा. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त शेतावरचा गडी आणि त्याची जनावरं आणि मग येणारा ट्रॅक्टर, ज्यांच्या घरी बैल होते त्यांना ही वाचताना आवंढा येतो.

सोडून कधी द्यायचं हेही सांगायला हवं, कारण लोकांना पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे पाप वाटतं आणि त्या पापाच्या भीतीनं ते नवीन घेतच नाहीत. माझा हिशोब पन्नास पानांचा. पन्नास पानांत तुम्हाला पुढं काय होतंय याची काडीची उत्सुकता नसेल तर बंद करा, आणून द्या, दुसरं न्या, त्यासाठीच तर वाचनालय आहे, पैसे काही जास्त पडत नाहीत. अपवाद एक, 'कोसला'. नेमाड्यांची १९६३ची. पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा, खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, सारखं उदाहरणार्थ आणि वगैरे म्हणणारा. सुरुवातीला हा पोरगा नुसता बडबडतोय असं वाटतं, मग हसायला येतं, आणि मग त्याची बहीण मनी जाते तिथं तुम्ही गारद. तिथपर्यंत न पोचता सोडलीत तर तुम्ही 'कोसला' वाचलीच नाही. शक्यतो अठरा ते पंचविशीच्या मधे वाचा, मी बत्तिसाव्या वर्षी वाचली आणि मला सतत वाटत होतं की गाडी दोन मिनिटांनी चुकली.

पोरांचं आता. हा माझा दुखरा विषय आहे म्हणून जरा जोरात बोलते. आया येतात, पोराला हाताला धरून, आणि म्हणतात "याला काहीतरी संस्कारी द्या." पोरगं बिचारं फास्टर फेणेच्या फळीकडं बघत असतं. अहो, द्या ना त्याला ते! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवर, काडीसारखा पोरगा आणि चोरांच्या मागं धावतो, तोंडानं 'ट्टॉक' करतो. आठ ते बारा वयाला यासारखं काही नाही. एक वाचून झालं की पोरगं स्वतःहून दुसरं मागतं, आणि स्वतःहून मागणं हीच सगळी कमाई. ते दहा झाल्यावर रोहन प्रकाशनचे फेलूदा आहेत, सत्यजित रायांचे, मराठीत छान उतरलेत. 'श्यामची आई' नको असं मी म्हणत नाही, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक आहे, पण ते पोराच्या हातात शिक्षा म्हणून देऊ नका. ते रात्रीच्या हिशोबानंच मांडलंय, रात्र पहिली, रात्र दुसरी असं, तर तसंच वाचा, रोज झोपताना एक रात्र, तुम्ही वाचा आणि त्याला ऐकू दे. तुम्हालाच आधी रडू येईल बघा.

बारा तेराच्या पुढं 'पाडस'. मूळ अमेरिकन, मार्जोरी रॉलिंग्जची, मराठी राम पटवर्धनांचं, आणि हे मराठी इतकं घरचं आहे की फ्लोरिडाचं जंगल आपल्याच डोंगरापलीकडं असावं असं वाटतं. ज्योडी नावाचा एकटा पोरगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. जाड आहे, पण जाडीला घाबरणारी पोरंही ती संपवतात. शेवट कठीण आहे, सांगत नाही. मुलींना म्हणून 'चौघीजणी' देतात सगळे, शांताबाई शेळक्यांचा अनुवाद, पण मी मुलग्यांनाही देते, आणि दोघांनी तर वाचून गुपचूप परत आणलीय, मित्रांना सांगू नका म्हणाले.

नववी दहावीला 'शाळा'. मिलिंद बोकील, २००४. मुकुंद जोशी, नववीतला, आणीबाणीचे दिवस, मित्रांची टोळी आणि ती शिरोडकर. यावर एक वडील आले होते चिडून, "मुलीला असलं का देता, यात पोरं पोरींच्या मागं फिरतात." मी म्हटलं बसा, चहा घ्या, आणि तुम्ही वाचलंय का? नव्हतं वाचलं. घेऊन गेले. आठ दिवसांनी आले आणि काहीच बोलले नाहीत, फक्त विचारलं की यांचं दुसरं काही आहे का. ते कुठल्या वर्गात होते आणीबाणीत हे मी विचारलं नाही, वयावरून अंदाज आला.

जे लोक परदेशातून सुट्टीला येतात, त्यांच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी एक जुगाड आहे. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात, तर पुस्तक समोर उघडं ठेवायचं आणि कानात लावायचं, बोट फिरवत. 'फास्टर फेणे'सारख्या लहान पुस्तकावर पंधरा दिवस केलं की बोटाचा वेग वाढतो. आणि जुनी पुस्तकं फुकट हवी असतील तर मराठी विकिस्रोत बघा. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, त्यामुळं साने गुरुजी, हरि नारायण आपटे हे लोक आता मोकळे आहेत. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' एकोणिसाव्या शतकातली, यमूनं स्वतः सांगितलेली, आजच्या सुनांना देऊन बघा, त्या वाचता वाचता मधेच मला फोन करतात.

वयस्कर मंडळींना एक खास सूचना, पुस्तक निवडताना मधलं पान उघडून टाईप बघा. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या असतात, एकीत मुंग्या आणि दुसरीत ठसठशीत अक्षर. ग्रंथपालाला विचारा, दुसरी प्रत आत असते पुष्कळदा. "डोळे गेले आता, वाचन बंद" म्हणणाऱ्या तीन आज्या मी नुसती आवृत्ती बदलून परत आणल्यात.

आणि पुस्तक घरी नेल्यावरचं. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, तरी. आंबा खाऊन हात धुवा, नुसते पुसू नका, धुवा. जूनमध्ये परत येणाऱ्या प्रत्येक पाचव्या पुस्तकात मला हापूस का पायरी ते पिवळ्या डागावरून ओळखता येतं, असं माझी मदतनीस म्हणते. पालथं उघडं ठेवू नका, जुन्या प्रतींची शिलाई सुटते आणि एक फर्मा सुटला की सोळा पानं गायब, आणि ती नेमकी शेवटची असतात. 'शितू'च्या आमच्या एका प्रतीत शेवटची चार पानं कुणीतरी वहीच्या कागदावर हातानं उतरवून चिकटवलीत, फार सुंदर अक्षर आहे, पण सगळेच काही एवढे भले नसतात. पेन्सिलीनं समासात "खरंय", "वा", "मूर्ख मुलगी" असं लिहिणारे एक वाचक आहेत आमचे, अक्षर मला ओळखू येतं, नाव सांगणार नाही, पण ते हे वाचत असतील तर, अहो, पेन तरी वापरू नका.

पाऊस सुरू व्हायच्या आत परत करा एवढंच. मृगाच्या पहिल्या सरीत पिशवीशिवाय आणलेलं पुस्तक फुगतं आणि मग कधीच पूर्वीसारखं मिटत नाही.

'तुंबाडचे खोत'चा पहिला भाग सध्या बाहेर आहे, गेल्या मेपासून, दोनदा फोन केला, "हो हो, आणून देतो" म्हणतात. दुसरा भाग फळीवर एकटा उभा आहे आणि दर आठवड्याला कुणीतरी तोच नेऊ का म्हणून विचारतं. नाही. नंबर लावून ठेवा, आला की कळवते, तोवर पेंडशांचीच 'गारंबीचा बापू' न्या, ती बारीक आहे आणि कालच परत आलीय, जरा आमरस लागलाय ऐंशीव्या पानाला.